पंच क्रमांक दोन

मंदाकिनी खळदकरांना पोलिसांनी उचललं, ही बातमी मंगळवारी सकाळी अकराला आमच्या गल्लीत आली, आणि सव्वाअकरापर्यंत तिला हातकड्या, दोन महिला पोलीस आणि जाळीची गाडी एवढं सगळं चिकटलेलं होतं. जाळीची गाडी इस्त्रीवाल्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. दूधवाल्याकडे तर गुन्हाही तयार होता: बाईंनी म्हणे कुणा पुढाऱ्याच्या पाटीवर नको ते कोरलं. मी आपला शेजारधर्म म्हणून एवढीच भर घातली की जाताना बाई एका शिपायाला चावल्या. लोकांनी लगेच विश्वास ठेवला. एकसष्टाव्या वर्षी एखाद्या बाईबद्दल असा विश्वास वाटावा, ही काही साधी कमाई नव्हे.

खरी गोष्ट अशी की त्यांना कुणीही उचललं नव्हतं. त्या स्वतः रिक्षा करून पोलीस ठाण्यात गेल्या होत्या. बरोबर जेवणाचा डबा, पाण्याची बाटली, बाकावर घालायला उशी आणि कापडी पिशवीत निळ्या पुठ्ठ्याची एक जाडजूड वही. उचलण्याचा प्रश्न होता तो उलटा. दुपारपासून सगळं ठाणं त्यांना ‘आता उठा’ म्हणत होतं आणि बाई उठत नव्हत्या.

त्यांचे यजमान माधवराव पोस्टातून निवृत्त झालेले. मी धावत वर जाऊन त्यांना बातमी दिली तेव्हा ते मटार सोलत होते. म्हणाले, “नेलं असेल तर आणून सोडतील. मला चौतीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांना संध्याकाळपर्यंत पुरे होईल.”

माझं चष्म्याचं दुकान आणि मंदाकिनीवहिनींचं पाट्यांचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही चार इंचांची. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते ऐकीव नाही. भिंतीला कान लावायचीही गरज पडत नाही, वहिनींचा आवाज तेवढी काळजी घेतो.

दुकान सासऱ्यांनी काढलेलं. शनिवार पेठेत घरोघरी दारावर ज्या पितळी पाट्या आहेत, त्यातल्या निम्म्या तरी इथे कोरलेल्या. माधवरावांच्या हाताला कला नव्हती. सुनेच्या हाताला होती. सासऱ्यांनी तिला खोदकामाच्या जुन्या मशीनवर बसवलं, आणि आज त्या मशीनला दुसऱ्या कुणी हात लावला तर ते चालतच नाही. मशीन आणि बाई यांनी एकमेकांना पुरतं बिघडवून ठेवलं आहे.

पण दुकानाचा खरा कारभार चालतो तो त्या निळ्या वहीवर. आमच्याकडे गिऱ्हाईक पाटी घेऊन जातं आणि आठ दिवसांनी परत येऊन म्हणतं, “मी असं सांगितलंच नव्हतं.” त्यावर सासऱ्यांनी उपाय काढला. पाटी करायला आलेल्याने आपलं नाव आपल्या हाताने वहीत लिहायचं, तारीख घालायची आणि खाली सही करायची. मग भांडायला या खुशाल. वहिनींनी त्यात एका रकान्याची भर घातली: ‘जुनी पाटी कशाने गेली?’ धंद्यासाठी म्हणतात, कुठला माल किती टिकतो ते कळतं. खरं कारण म्हणजे बाई चौकस. त्या रकान्यात अख्ख्या पेठेचा इतिहास आहे. एका प्राध्यापकांनी नुसतं ‘जावई’ असं लिहिलंय. एका डॉक्टरांनी लिहिलंय, ‘पाटी उत्तम स्थितीत, भाऊ वेगळा झाला.’

कोपऱ्यावर पोलीस चौकी आहे. कुठली ते विचारू नका, मला अजून याच गल्लीत दुकान चालवायचं आहे. तिथल्या सगळ्यांच्या छातीवरच्या नेमप्लेटी वहिनींच्याच हातच्या, आणि त्यांनाही वहीतून सुटका नाही. एकदा एक फौजदार कुरकुरला, “आम्हाला कशाला वही?” वहिनी म्हणाल्या, “रोज दुसऱ्यांकडून लिहून घेता ना, एकदा स्वतः लिहून बघा. पेन चावत नाही.”

अशी ही बाई. आणि हिने काय करावं? जी बाई ‘श्री’ कोरण्याआधी तीनदा वाचते, तिने अकरा वर्षं पोलिसांच्या कागदांवर न वाचता सह्या केल्या.

पंचनामा म्हणजे काय ते ज्यांच्यावर वेळ आली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पोलिसांनी एखाद्या जागी एखादी वस्तू जप्त केली की ती आपल्या डोळ्यांदेखत केली, असं सांगणारी दोन माणसं लागतात. ते पंच. आता चौकीपासून पहिली दोन दुकानं कुठली? चष्मे आणि पाट्या. मग चौकीतला माणूस घडी घातलेला कागद घेऊन यायचा. वरचा मजकूर घडीत, खालची मोकळी जागा बाहेर. “सर, सही. मावशी, सही.” मी पंच क्रमांक एक, वहिनी पंच क्रमांक दोन. डोळ्यांदेखत म्हणजे दुकानात बसून. मी तर त्या कागदावर स्वतःला ‘प्रतिष्ठित नागरिक’ म्हणवून घेऊन घरी जाऊन बायकोला सांगायचो. तिचा अजून विश्वास नाही.

आता यज्ञेश्वर. हा मूळचा यवतमाळचा, कसबा पेठेत दोन खोल्यांत राहतो आणि शाळेच्या मुलांची व्हॅन चालवतो. पेठांमधली अठरा पोरं सकाळी गोळा करतो, दुपारी परत आणून सोडतो. चाळीस-बेचाळीसचा, सावकाश बोलणारा माणूस. व्हॅनवरची ‘शालेय वाहन’ ही पाटी वहिनींनी केलेली, म्हणून आमची ओळख. त्याला दरवर्षी शाळा सुरू व्हायच्या आत पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. मुलांची ने-आण करणारा माणूस कसा आहे ते तपासायलाच हवं, त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. दाखला नसेल तर शाळा दारात उभी करत नाही. आणि यंदा तपासायला होता हवालदार प्रज्ञेश भिंताडे.

भिंताडेने अर्ज तीन आठवडे दाबून ठेवला. कशासाठी, ते त्यालाच माहीत. चौदा मेला यज्ञेश्वर चौकीवर गेला. भिंताडे पायरीवरच उभा होता. यज्ञेश्वर म्हणाला, “साहेब, किती फेऱ्या मारू? वर अर्ज करतो मी, तुमचं नाव सांगा.” सांगा म्हणाला, कारण भिंताडेच्या छातीवर नेमप्लेट नव्हती. नाव विचारलं म्हणून भिंताडेने त्याच्या डाव्या कानाखाली वाजवली. कानाचा पडदा फाटला. मग त्याला आत नेलं, आणि तासाभरात यज्ञेश्वरवरच गुन्हा: सरकारी कामात अडथळा, हवालदाराची कॉलर धरली, नेमप्लेट ओढून तोडली.

आमच्या गल्लीत तो आवाज ऐकू आला. मी ऐकला. वहिनी मशीनवर होत्या, त्यांना मशीनपुढे काही ऐकू येत नाही. मी दुकानाची काच पुसायला घेतली. ती चांगली स्वच्छ होती.

दीडच्या सुमाराला भिंताडे घडी घातलेला कागद घेऊन आला.

“सर, एक सही.”

“कसली?” मी विचारलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

“नेहमीचीच.”

“आता म्हणे जप्तीचा व्हिडिओ काढायला लागतो?”

“मोबाइल चार्जिंगला लावलाय सर.”

मी सही केली. तो शेजारी गेला. वहिनी एका वकिलाच्या पाटीचं शेवटचं अक्षर कोरत होत्या. डाव्या हाताने मशीन धरून, मान वर न करता त्यांनी उजव्या हाताने सही ठोकली. मला भिंतीपलीकडून ऐकू आलं, “आणि तुमची नेमप्लेट शुक्रवारी तयार होईल. त्याआधी घाई करू नका.” दोघांच्याही डोक्यात काही पेटलं नाही.

सहा दिवसांनी यज्ञेश्वरची बायको शकू आली. वकिलाने काढून दिलेल्या नकला तिच्या हातात होत्या. आधी माझ्या दुकानासमोर थांबली. मी एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवत होतो. तो त्याच्या नाकावर आधीच व्यवस्थित बसलेला होता. ती पुढे वहिनींकडे गेली.

“काकू, तुम्ही तिथं होत्या का?”

“कुठे गं?”

“चौकीपाशी. आमच्या ह्यांनी नेमप्लेट तोडली तेव्हा. इथं लिहिलंय, पंच क्रमांक दोन, मंदाकिनी माधव खळदकर. समक्ष पाहिलं म्हणून.”

मशीन थांबलं. ते मशीन दिवसा थांबलं की आमच्या भिंतीलाही चुकल्यासारखं होतं.

“नव्हते मी तिथे.”

“मग काहून सही केली, काकू?”

शकू रडत नव्हती, ओरडतही नव्हती. तिला खरंच उत्तर हवं होतं.

“सोळा जूनला शाळा सुरू होणार,” शकू म्हणाली. “गुन्हा आहे म्हणून दाखला नाही. दाखला नाही म्हणून व्हॅन नाही. आता ह्यांचं चारित्र्य खराब झालं म्हणे. ज्यानं मारलं त्यानंच लिहिलं तसं.”

वहिनींनी नक्कल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा एक पंचनामा वाचला. मोठ्याने वाचला, मला ऐकू यावा म्हणून. “‘आरोपीने झटापटीत फिर्यादीची नेमप्लेट ओढून तोडली. सदर नेमप्लेटचे दोन तुकडे पंचांसमक्ष जागेवरून जप्त.’ दोन तुकडे?” मग त्या थांबल्या. “सलिलराव! चष्मा पुसणं बंद करा आणि इकडे या.”

मी गेलो. निळी वही उघडलेली होती. बारा मे. भिंताडेच्या स्वतःच्या अक्षरात त्याचं नाव, हुद्दा, तारीख, सही. आणि शेवटच्या रकान्यात, जुनी पाटी कशाने गेली: ‘गाडीखाली येऊन दोन तुकडे.’

“बाराला मोडली,” वहिनी म्हणाल्या. “तुकडे माझ्या या टेबलावर ठेवले होते त्याने, अक्षराचा आकार दाखवायला. परत खिशात घालून घेऊन गेला. मी म्हटलं, टाका ना, तर म्हणाला असू दे. सोळाला नवी नेली. आणि यज्ञेश्वरने तोडली चौदाला! म्हणजे माणसाच्या छातीवर नेमप्लेट नव्हतीच. नसलेली वस्तू ओढून तोडली, आणि आपण दोघांनी ती तुटताना पाहिली.”

“आपण कशाला, वहिनी,” मी म्हटलं. “मला एका डोळ्याने जरा कमीच दिसतं.”

“दुकान बंद करा मग,” वहिनी म्हणाल्या. शकू हसली नाही. मीही मग हसलो नाही.

गल्लीत गोष्टी लपत नाहीत. त्यातली बरीचशी जबाबदारी मी उचलतो. पण या वेळी मी कुणाला काही बोललो नाही, तरी दोन दिवसांत भिंताडे हजर. नवीकोरी नेमप्लेट छातीवर, हातात आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलातली साबुदाणा खिचडी. तो वहिनींच्या दुकानात शिरला आणि मी भिंतीजवळचं कपाट आवरायला घेतलं.

“मावशी, गरम आहे, घ्या.”

“आज एकादशी नाही.”

“बरं, ती वही जरा बघू का? माझी सही नीट झाली नव्हती बहुतेक.”

“नीट झाली आहे. सुंदर अक्षर आहे तुमचं. दुसऱ्यांच्या आयुष्याबद्दल लिहितानाच बिघडतं.”

मग त्याचा आवाज खाली आला, म्हणून मला कपाट सोडून भिंतीला कान लावावा लागला.

“मावशी, माझी बढती आहे. फौजदारपदाच्या यादीत नाव जायचंय. यादीआधी वर्तणूक तपासतात, एकसुद्धा चौकशी चालू असून चालत नाही. बारा वर्षं झिजलोय मी. एका व्हॅनवाल्यासाठी...”

“त्याचीही वर्तणूकच तपासायची होती ना? तीन आठवडे काय तपासत होतात?”

“हे बघा. कोर्टात तुम्ही म्हणालात की मी नव्हते तिथे, तर मग सही कुणाची? खोटी सही केली म्हणून आत कोण जाईल? मी नाही जाणार. तुम्ही जाल. या वयात.”

मला वाटलं, आता वहिनी घाबरतील. मी घाबरलो होतो, आणि मला तर त्याने काही म्हटलंही नव्हतं.

“खिचडी घेऊन जा,” वहिनी म्हणाल्या. “दाणे कमी घातलेत.”

तो गेल्यावर त्यांनी माधवरावांना हाक मारली आणि विचारलं, “आपल्याकडे ती लोकरीच्या खोळीची उशी होती ना, ती कुठे आहे?” मंगळवारी सकाळी त्या निघाल्या. माझ्या दारात थांबून म्हणाल्या, “पंच क्रमांक एक, येताय का?” मी म्हटलं, “एक पेशंट यायचाय.” त्या म्हणाल्या, “येऊ दे. त्याला तरी नीट दिसू दे,” आणि रिक्षात बसल्या.

आणि मग अकरा वाजता ती उचलल्याची बातमी. बातमी कुणी सुरू केली ते अजून कळलेलं नाही. मी नाही. मी फक्त चावा घातला.

ठाण्यात काय झालं ते मला तिथल्या चहावाल्याने सांगितलं आणि पुढचं मी स्वतः पाहिलं. ठाणे अंमलदार म्हणजे आल्यागेल्याची तक्रार लिहून घेणारा अधिकारी, त्याच्या टेबलासमोर वहिनी बसल्या.

“काय तक्रार आहे?”

“खोटी सही झाली आहे पंचनाम्यावर.”

“कुणी केली?”

“मी.”

“तुमच्या नावाने दुसऱ्या कुणी केली का?”

“नाही हो. माझ्या नावाने, मी, माझ्याच पेनने.”

“मग तक्रार कुणाविरुद्ध?”

“माझ्याविरुद्ध. लिहा. मंदाकिनी माधव खळदकर, वय एकसष्ट. जे पाहिलं नाही ते पाहिलं म्हणून सही केली. कागद कुणी आणला, घडी कुणी घातली होती, आत काय होतं, हेही मी सांगते. आयती आरोपी चालत आली आहे तुमच्याकडे, उशीसकट.”

अंमलदाराने पेन खाली ठेवलं. “बाई, असं नसतं.”

“का नसतं? मोबाइल चोरीला गेला तर तुम्ही गहाळ लिहून घेता, तेव्हा तसं असतं ना?”

त्यांना बाहेर बाकावर बसवलं. त्यांनी उशी घातली. एकदा सांगितलं, साहेब बंदोबस्ताला गेलेत. एकदा सांगितलं, उद्या या. एकदा सांगितलं, ऑनलाइन करा. दीड वाजता त्यांनी डबा उघडून जेवण केलं आणि शेजारी बसलेल्या, हरवलेला मुलगा शोधायला आलेल्या एका बाईला अर्धी पोळी दिली. दोन वाजता माधवराव ताक घेऊन आले. बायकोला देऊन झाल्यावर अंमलदाराला म्हणाले, “लिहून घ्या, साहेब. मी अनुभवाने सांगतो.”

मी तीनला गेलो. गंमत बघायला, असं मी स्वतःला सांगितलं होतं. वहिनींनी उशी थोडी सरकवून मला बाकावर जागा करून दिली. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार वाजता ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षक आल्या. पन्नाशीच्या, थकलेल्या डोळ्यांच्या बाई. सोमवारपासून घरी गेल्या नसाव्यात. त्यांनी वहिनींना आणि मला आत बोलावलं. वहिनींनी वही उघडून पुढे ठेवली. निरीक्षकांनी बारा मेची ओळ वाचली, मग पंचनाम्याची नक्कल वाचली, मग परत ओळ वाचली.

“हे त्याचंच अक्षर?”

“त्याने लिहिलेले बारा वर्षांचे कागद तुमच्याकडे आहेत. ताडून बघा. मी पाटीवाली आहे, तपास तुम्ही करायचा.”

“वही ठेवून जा. आम्ही बघतो.”

“वही राहणार नाही. नक्कल काढा, माझ्यासमोर. आणि अर्जाची पोच द्या, शिक्का मारून.”

“तुमच्यावरही कारवाई होऊ शकते, कल्पना आहे ना?”

“म्हणून तर डबा आणला.”

निरीक्षकांच्या तोंडावर काहीतरी हललं. हसू असेल, नसेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “आणि तुम्ही?”

मी घरून पाठ करून आणलेलं वाक्य होतं, की मी फक्त सोबत आलोय. ते बाहेर आलंच नाही. “मी पंच क्रमांक एक,” म्हटलं. “मीही नव्हतो तिथे. पण आवाज ऐकला होता.”

माझा जबाब दोन पानं झाला. मी तो वाचला, तीन चुका काढल्या, मग सही केली. साडेसहाला पोच मिळाली आणि आम्ही चालत घरी आलो, कारण वहिनींचं रिक्षावाल्यांशी एका दिवसात एकदाच भांडायचं व्रत आहे.

पुढचं एवढ्यासाठी आत्ताच सांगून टाकतो की शेवटचा शब्द मला माझ्याकडे ठेवायचा नाही. यज्ञेश्वरचा दाखला अकरा जुलैला आला, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर पंचवीस दिवसांनी. तोवर त्याची अठरातली सात पोरं दुसऱ्या व्हॅनला गेली. तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दिला. त्याने ‘तथ्य आढळत नाही’ असा अहवाल धाडलाय, कोर्टाचा शिक्का बाकी आहे. भिंताडेला चौकीवरून काढून नियंत्रण कक्षाला जोडलं, त्याची खात्यात चौकशी लागली, आणि यादी लागली ती त्याच्या नावाशिवाय. आम्हा दोघा पंचांना लेखी समज मिळाली. माझी कपाटात आहे. वहिनींनी त्यांची चौकट करून दुकानात लावली आहे, आणि खाली अॅक्रिलिकची एक पाटी: ‘येथे वाचल्याशिवाय सही होत नाही. वाचायला वेळ लागतो.’

पण हे सगळं व्हायच्या आधी, जूनच्या शेवटच्या आठवड्यातली एक दुपार आहे, आणि मला ती सगळ्यात आवडते. तेव्हा दाखला आलेला नव्हता. व्हॅन आमच्या गल्लीत नुसती उभी होती, यज्ञेश्वर कानात कापूस घालून तिच्या दारात बसला होता. चौकीतले हवालदार बापूराव आले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, सगळ्यांशी गोड, वहिनींना ‘मंदाताई’ म्हणणारे. त्यांच्या हातात एक कोरा कागद होता.

“मंदाताई, भिंताडेच्या चौकशीत तुमचा एक जबाब लागतोय. कॉम्प्युटर बंद पडलाय सकाळपासून. तुम्ही खाली सही करून ठेवा, मजकूर मी संध्याकाळी भरतो.”

“काय भरणार?”

“हेच आपलं, की थोडा गैरसमज झाला होता. त्याची यादी पंधरवड्यात लागतेय हो. दोन लेकरं आहेत त्याला. आणि...” बापूरावांनी व्हॅनकडे मान वळवली, “यज्ञेश्वरचा दाखला माझ्याच टेबलावर आहे. चौकशी मिटली की तोही उद्या सकाळी हातात.”

मी दुकानाच्या दारात आलो. वहिनींनी मशीन थांबवलं. त्यांनी कागदाकडे नाही पाहिलं, यज्ञेश्वरकडे पाहिलं. पहिल्यांदाच मला त्यांच्या तोंडावर शंका दिसली, कारण हा सौदा त्यांच्या मानेवर नव्हता, त्याच्या होता. एक सही, आणि उद्या सकाळी अठरा पोरं.

यज्ञेश्वर उठून उभा राहिला. “काकू,” तो म्हणाला, “मले एका कानानं कमी ऐकू येतं. पण एवढं ऐकू आलं. नका करू.”

वहिनींनी पदराला हात पुसले, निळी वही ओढली, तिच्यावर पेन ठेवून ती बापूरावांपुढे सरकवली आणि म्हणाल्या:

“तुम्हाला मी काय म्हणायला हवं आहे ते तुमच्या हाताने इथे लिहा, खाली तारीख घाला, सही करा. मी वाचते, मग बघू. आणि कोरा कागदच हवा असेल तर पलीकडे स्टेशनरीचं दुकान आहे. माझ्याकडे लिहिलेलंच मिळतं.”